धोंडबा कंडक्टरचा खटका

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

ही वही पियूषने दिवाळीला दिली. पियूष म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, दीक्षाचा होणारा नवरा. जाड पुठ्ठा, वर त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीचं सोनेरी नाव. मी म्हटलं, मी नागपूरच्या बर्डीवर मोबाइल दुरुस्त करणारा माणूस, मी काय लिहू? तर आमची काजल म्हणाली, "दुकानातला राग रोज घरी आणता न जी, तो यात लिहत जा. आमचे कान तरी वाचतीन." बायकोने इतक्या प्रेमाने सांगितल्यावर लिहिणं आलंच.

आज मात्र रागावण्यासारखं काही झालं नाही. उलट मी खूश आहे. बाबांनी अकरावी ओळ पूर्ण केली.

बाबा म्हणजे धोंडबा कंडक्टर. एसटीत चौतीस वर्षं, त्यातली एकोणीस नागपूर–रामटेक गाडीवर. आणि सुट्टीच्या दिवशी पांढरा सदरा घालून बौद्धाचार्य. इंदोऱ्यात, कामठीत, कन्हानला त्यांनी किती लग्नं लावली हे त्यांनाही आठवत नाही. त्रिशरण-पंचशील, मग लग्नाच्या प्रतिज्ञा. एकेक ओळ बाबांनी म्हणायची आणि नवरा-नवरीने त्यांच्यामागून. माइक नको म्हणायचे. भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज तो.

गेल्या डिसेंबरात लकवा झाला आणि तो आवाज गेला. डावी बाजू गेली. उजवा हात हलतो, मूठ वळते, पण एकेक बोट वेगळं उचलत नाही. डोकं मात्र लख्ख आहे. मार्चमध्ये मी त्यांच्यासाठी खटका बनवला. दाराच्या बेलचं मोठं बटण, आत एक छोटा बोर्ड आणि फोनच्या चार्जिंगच्या जागी बसणारी पिन. फोनवर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत जातात. हवी ती ओळ उजळली की बाबा मुठीने खटका दाबतात. मग त्या ओळीतली अक्षरं उजळायला लागतात, पुन्हा दाबतात. वाक्य झालं की फोन बोलतो. एका वाक्याला दहा मिनिटं लागतात. बाबांना घाई नाही.

दीक्षाचं लग्न तीस तारखेला आहे आणि ते बाबाच लावणार. सगळ्या तीस ओळी ते आधीच फोनमध्ये लिहून ठेवत आहेत, म्हणजे त्या दिवशी एकदा दाबलं की एक ओळ बोलली जाईल. आवाज फोनचा, पण म्हणणारे बाबा. लेकीचं लग्न स्वतः लावायचं या एका हट्टापायी हा माणूस आठ महिने रोज स्पंजचा चेंडू दाबतो आहे.

संध्याकाळी त्यांचा फोन पुसला, अगदी ग्राहकाचा असल्यासारखा. फोन जे जे विचारत होता त्याला होय-होय करून टाकलं आणि चार्जिंगला लावला. बाबांनी तेव्हा पलंगाच्या दांडीवर एकदा जोरात मूठ आपटली. पाणी दिलं. घेतलं नाही. पुन्हा एकदा आपटली. कंटाळले असतील.

सोमवार, ३ नोव्हेंबर

खटका मेला.

सकाळी पिन लावली तर फोनवर पाटी आली: हे उपकरण प्रमाणित नाही, तुमच्या सुरक्षिततेसाठी ते वापरता येणार नाही. खाली एकच बटण, 'ठीक आहे'. काय ठीक आहे, डोंबल?

रात्रीतून फोनने स्वतःला अपडेट करून घेतलं. दुकानात गेलो तर तिथेही तेच रडगाणं. कोणाची चार्जिंगची वायर बंद, कोणाचे इअरफोन बंद. कंपनीच्या मान्यतेची चिप आत नसेल तर नवं सॉफ्टवेअर त्या वस्तूला ओळखच देत नाही. ग्राहकांना मी चार गोष्टी समजावून वाटेला लावलं. त्यांना नवी वायर मिळेल. बाबांना काय देऊ?

ते सकाळभर खटका दाबत होते. चालत नाही हे कळल्यावरही. शेवटी मी तो हाताखालून काढून घेतला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दुकान उघडायच्या निमित्ताने पळालोच.

पण मी ठरवलं आहे. हाच खटका चालवून दाखवणार. माझ्या बापाने बोलावं की नाही हे ठरवणारी ही कंपनी कोण लागून गेली?

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कस्टमर केअरला पाऊण तास. आधी गाणं ऐकवलं, मग एक मुलगी आली. गोड बोलली. म्हणाली, प्रमाणित उपकरणच वापरा. मी म्हटलं, बाई, हे उपकरण मीच बनवलंय, आठ महिने चाललंय, त्याने फोनला खाल्लं नाही. ती म्हणाली, सर, हे आपल्या सुरक्षेसाठीच आहे. मी विचारलं, मुका माणूस जास्त सुरक्षित असतो का? तिने पुन्हा गाणं लावलं.

मग डोक्यात आलं की हे अपडेट सुरू केलं कोणी? आपोआप अपडेट होणं मी या फोनवर मार्चमध्येच बंद करून ठेवलं होतं. घरात फोनशी खेळणारा दुसरा कोण? पियूष. दिवाळीला आला तेव्हा बाबांचा फोन हातात घेऊन बसला होता. या सॉफ्टवेअरवाल्यांना अपडेट दिसलं की हात शिवशिवतात.

फोन लावून विचारलंच. तो म्हणाला, "नाई भाऊ, मी फक्त फॉन्ट मोठा करून दिला होता." मी म्हटलं, "लग्नाआधीच घरात लुडबूड करून राहिला तू, नंतर काय करशीन?" दीक्षाने नंतर माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

जुनं सॉफ्टवेअर परत टाकता येत नाही. सगळे उपाय करून झाले. तीन वेगवेगळे बोर्ड लावून पाहिले, तिन्ही वेळा तीच पाटी. कंपनीने मान्य केलेला तयार खटका परदेशातून येतो. आज मागवला तर जानेवारीच्या मध्यात. लग्न काय जानेवारीपर्यंत थांबणार?

काजल दोनदा काहीतरी सांगायला आली. म्हटलं, डोकं नको खाऊ, मी खटका चालू करून राहिलो.

बाबा अलीकडे चमचा आपटायला शिकले आहेत. स्टीलच्या ताटलीवर. कधी एकदा, कधी दोनदा. आवाज गेलेला माणूस, चिडणार नाही तर काय करणार? मी ताटली बदलून प्लास्टिकची दिली तर त्यांनी ती खाली पाडली.

रविवार, ९ नोव्हेंबर

विहारातले सुमंत सर आले होते. भला माणूस. म्हणाले, "धोंडबाजी, या वेळेले लग्न मी लावतो. तुम्ही बाजूले बसा, आशीर्वाद द्या." बाबांनी ताटलीवर चमचा एकदा हाणला. सर दचकले. काजल म्हणाली, "नाई म्हणून राहिले ते." मग सर म्हणाले, बरं, तुमच्या ओळी मी वाचून दाखवतो. पुन्हा एकदा चमचा. काजल पुन्हा, "नाई."

मला लाज वाटली. पाहुण्याशी असं वागतात का? आणि ही बाई सासऱ्याच्या रागाला स्वतःच्या मनाने शब्द लावते.

एक मात्र खरं. बाबांना काय हवं ते काजलला बरोबर कळतं. आज तिने पंख्याकडे बोट दाखवलं, दोनदा चमचा वाजला, तर तिने तो बंद केला, आणि बाबा शांत झाले. योगायोग असेल.

दीक्षा स्वयंपाकघरात रडत होती. मला पाहून डोळे पुसले आणि म्हणाली, "दादा, बाबाच्या तोंडून नाई झालं तरी चालन मले. पण त्याहिले चालन का?" मी खटका घेऊन बसलो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज लिहू नये असं वाटतं. पण काजलला सांगायची हिंमत नाही, तेव्हा इथेच लिहितो.

पियूषने मेसेज पाठवला. राग नाही, टोमणा नाही. "भाऊ, सेटिंगमध्ये जाऊन पहा, अपडेट कधी घेतलं ते दिसते." पाहिलं. रविवार, दोन नोव्हेंबर, संध्याकाळी सात चाळीस. पियूष त्या दिवशी पत्रिका वाटायला अमरावतीला होता. सात चाळीसला बाबांचा फोन माझ्या हातात होता.

बारा वर्षं दुकानात प्रत्येक फोन परत देताना मी हेच करतो. पुसायचा, विचारेल त्याला होय म्हणायचं, अपडेटला लावायचा, आणि ग्राहकाला सांगायचं, "एकदम ताजा करून दिला." हाताला सवय झाली आहे, डोळ्यांनी वाचतही नाही. बापाचा फोन मी ग्राहकाचा फोन समजून ताजा करून दिला.

कंपनी वाईट आहेच. पण दार आतून मी उघडलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

महादेवराव काका कामठीहून आले. बाबांच्या गाडीचे ड्रायव्हर. एकोणीस वर्षं पुढे हे, मागे ते. वय झालं, पण मिशा अजून तशाच.

आल्या आल्या पलंगाजवळ खुर्ची ओढली. बाबांच्या हातात स्पंजचा चेंडू होता, तो ते दाबत आणि सोडत होते. काका हसले, "काय गा धोंडबा, अजून तिकिटंच फाडून राहिला का?" मग म्हणाले, "सोडाची का गाडी?"

बाबांनी दांडीवर दोनदा ठोकलं.

काका माझ्याकडे वळले. "आयकलं का रे? डबल मारली त्यानं!"

मी उभाच राहिलो. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एसटीची दोरी. शाळेच्या प्रत्येक सुट्टीत मी त्या गाडीत ड्रायव्हरमागच्या सीटवर बसून रामटेकला गेलो आहे. बाबा मला कधीकधी दोरी ओढू द्यायचे. ही भाषा मला वाचायला शिकायच्या आधी येत होती.

दारात काजल उभी होती. म्हणाली, "एक म्हणजे नाई, दोन म्हणजे हो. दहा-बारा दिवसांपासून असेच बोलून राहिलो आम्ही." मग तिने एक वही आणली. एका पानावर मुळाक्षरं मोठी काढलेली. ती ओळीवर बोट ठेवत जाते, क ची ओळ? च ची? त ची? बाबांनी दोनदा ठोकलं की त्या ओळीतली अक्षरं. पुढच्या पानांवर लग्नाच्या ओळी. फोनमधल्या अकराच्या पुढे बारा, तेरा, चौदा... तीसच्या तीस. तिच्या वळणदार अक्षरात, बाबांचे शब्द.

"मले काहून नाई सांगितलं?"

"तीनदा सांगाले आली न जी. तुम्ही ऐकून राहिले होते का?"

मी कंपनीला शिव्या देत बाहेर फिरत होतो आणि घरात बाबा बोलत होते.

आता रात्रीचं जेवण झालं आणि एकदम आठवलं. दोन तारखेला, फोन माझ्या हातात असताना, त्यांनी दांडीवर एकदा मूठ आपटली होती. मी पाणी दिलं. त्यांनी पुन्हा एकदा आपटली. थांब, म्हणत होते. दोनदा थांब म्हणाले. आणि मी गाडी तशीच दामटली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी त्यांच्यापाशी बसलो आणि सांगून टाकलं. "बाबा, ते अपडेट मीच केलं होतं. पियूष नाई. मी."

दांडीवर दोनदा. काजल म्हणाली, "ठाऊक आहे म्हणते." मग ते वहीकडे बघायला लागले. तिने बोट फिरवलं. वीस मिनिटं लागली. मी एका जागी बसून राहिलो, हे माझ्यासाठी नवीनच होतं. वहीत उमटलं: खटका नको. आवाज पाहिजे.

बाबांनी नेमकं बोट ठेवलं. मी बारा दिवस माझा खटका वाचवत होतो. माझी हुशारी, माझा बोर्ड, माझी पिन. त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना पंधरा दिवसांनी लेकीसमोर बसून, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वेळेवर एकेक ओळ म्हणायची आहे. मग ती कशानेही का होईना.

पियूषला फोन केला. माफी मागितली. मला माफी मागता येत नाही, "ते जाऊ दे" असंच काहीतरी म्हणालो. तो म्हणाला, "उद्या येऊ का भाऊ?" या म्हटलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

पियूष आला. पोरगा बरा आहे. ऐकून घेतो, मध्ये बोलत नाही. मी त्याला पिन, बोर्ड, चिप सगळं दाखवलं. त्याने चहा संपेपर्यंत ऐकलं आणि मग म्हणाला, "भाऊ, चार्जिंगच्या भोकातून जाऊच नका न. तिथंच तर चौकीदार बसवला आहे. स्क्रीनवरून जा. फोनमध्ये सोय आहे, पूर्ण स्क्रीनच खटका म्हणून चालते. कुठंही बोट लागलं की झालं. बोटाचं सर्टिफिकेट कोणी मागत नाही."

ते मला माहीत नव्हतं असं नाही. फेब्रुवारीत तेच करून पाहिलं होतं. बाबांची मूठ स्क्रीनवर पडली की पडूनच राहते. उचलायला वेळ लागतो. फोनला वाटतं माणूस दाबून धरून आहे, आणि काहीतरी भलतंच उघडतं. म्हणून तर खटका बनवला. पियूषला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग लागून लगेच उचललं जाईन असं काई करा लागन."

काय ते त्यालाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. पण दिशा बरोबर आहे. चौदा दिवस आहेत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मुठीला बांधायची पट्टी केली, टोकाला रबर. नाही जमलं. लाकडी तरफ केली, झोका घेऊन दोन-दोनदा आदळते. बाबा प्रत्येक प्रयोगाला तोंड न पाडता बसतात. चौथ्या वेळी मीच हात जोडले. त्यांनी दोनदा ठोकलं. म्हणजे चालू दे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

दुपारी दुकान बंद करून घरी आलो. बाबा चेंडू दाबत होते. दाबून लगेच सोडत होते. पुन्हा पुन्हा. महादेवराव काकांचं बोलणं आठवलं, तिकिटंच फाडून राहिला का.

अरे! मूठ पडली की उचलता येत नाही, पण दाबून सोडता मात्र येतं. झटक्यात येतं. चौतीस वर्षांतली निम्मी वर्षं या हाताने हेच केलं. तिकिटाचं मशीन आलं त्याआधी कंडक्टरच्या हातात पंच असायचा, पकडीसारखा, आत स्प्रिंग. दाबला की तिकिटाला भोक, सोडला की आपोआप उघडा. रिकामा असला की बाबा तो गाडीच्या दांड्यावर टिकटिक वाजवत फिरायचे. हात ते विसरला नाही. मीच विसरलो होतो.

आईच्या पेटीत, तिच्या लुगड्यांखाली पंच सापडला. आई जाऊन सहा वर्षं झाली. तिने तो रुमालात गुंडाळून ठेवला होता. बाबांच्या हातात दिला. बोटं बरोबर बसली. कोणाला शिकवावं लागलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. काजल म्हणाली, चहा करते, आणि आत गेली ती बराच वेळ आलीच नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

लाकडी पाटी घेतली. तिच्यावर फोन बसवला. पंचची खालची दांडी पाटीला स्क्रूने घट्ट केली, वरच्या दांडीला तांब्याची पट्टी जोडली, पट्टीच्या टोकाला स्क्रीनवर लिहायच्या पेनाचं काळं रबर. पंच दाबला की रबर स्क्रीनला टेकतं, सोडला की स्प्रिंग उचलून घेते. धातूतून बाबांच्या हाताचा स्पर्श फोनपर्यंत जातो. फोनला वाटणार बोटच लागलं. बोटच आहे म्हणा.

मी दाबून पाहिलं, चाललं. बाबांनी दाबलं, चाललं नाही. मी पुन्हा, चाललं. बाबा पुन्हा, नाही. असं वीस वेळा. माझं डोकं फिरलं. आता काय, या फोनला माझ्या बापाचा हातही प्रमाणित वाटत नाही?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सापडलं. मी दाबताना माझा अंगठा दांडीच्या उघड्या टोकावर होता. बाबा धरतात तिथे दांडीवर निळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. त्यांनीच गुंडाळली होती, कधीतरी नव्वदच्या सुमाराला, हाताला फोड येत होते म्हणून. त्या पट्टीतून स्पर्श पुढे जातच नाही.

काढू का, विचारलं. बाबांनी पट्टीकडे पाहिलं. मग दोनदा ठोकलं.

ती सोलून काढायला अर्धा तास गेला. खाली धातू अजून चकचकीत होता, आणि त्यावर खिळ्याने कोरलेलं बाबांचं नाव. नावावर त्यांचा अंगठा बसला. दाबलं. फोनवर ओळ उजळली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज बोलले. घरातले सगळे भोवती गर्दी करून उभे, दीक्षा तर पलंगावर चढलेली. मला वाटलं काहीतरी मोठं बोलतील. दहा मिनिटं टिक, टिक, टिक. मग फोन म्हणाला, "दारातले पुढे सरका."

इतके हसलो आम्ही की शेजारच्या तुळसाबाई विचारायला आल्या.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

तीसही ओळी फोनमध्ये बसल्या. वहीतल्या मी टाइप करून देऊ का विचारलं, तर एक ठोका. सगळ्या स्वतः लिहिल्या, रोज चार-चार. शेवटी आणखी दोन ओळी लिहिल्या आहेत. त्या वाजवून पाहिल्या नाहीत. आम्हाला खोलीतून बाहेर काढून लिहिल्या.

संध्याकाळी फोन पुसायला घेतला. पाटी आली: नवीन अपडेट उपलब्ध आहे, आज रात्री घ्यायचं का? माझा अंगठा निघाला होता.

दांडीवर एक ठोका.

थांबलो. वाचलं. 'नको' दाबलं, आणि फोन त्यांच्या उशाशी ठेवला. बाबांनी माझ्या मनगटावर दोनदा टकटक केलं.

सोमवार, १ डिसेंबर

काल लग्न झालं. काल लिहायला वेळही नव्हता आणि जीवही नव्हता, म्हणून आज.

हुडकेश्वरच्या मंगल कार्यालयात. बाबा चाकाच्या खुर्चीत, पांढरा सदरा, पांढरा रुमाल. मांडीवर पाटी, हातात पंच. समोर दीक्षा आणि पियूष, दोघं पांढऱ्यात. सुमंत सर बाजूला उभे होते, गरज पडली तर म्हणून. मी फोनला छोटा स्पीकर लावून ठेवला होता. वायर न लावता, आधी चार वेळा तपासून.

टिक. पहिली ओळ. फोनचे उच्चार वाकडेच, मागच्या रांगेत दोन पोरं खिदळली. दीक्षा आणि पियूषने ओळ म्हटली. टिक. दुसरी. बाबा प्रत्येक ओळीनंतर थांबत होते, त्या दोघांचं म्हणून होईपर्यंत, पूर्वी थांबायचे तितकंच. तिसऱ्या ओळीपासून अख्खं कार्यालय मागून म्हणायला लागलं. कोणी सांगितलं नव्हतं. त्यातल्या निम्म्या लोकांची लग्नं बाबांनीच लावलेली. फोनचा आवाज मग ऐकू येईना, फक्त टिक ऐकू यायची आणि तीनशे माणसं. खिदळणारी पोरंही म्हणत होती. मी दाराजवळ उभा राहून रडलो, उघड रडलो, काजलने रुमालही दिला नाही.

हार झाले, फुलं पडली. लोक हलायला लागले तेव्हा बाबांनी पुन्हा पंच दाबला. त्या दोन ओळी. सगळं शांत झालं होतं म्हणून नीट ऐकू आल्या.

"दीक्षा, गाडी आता तुमची. पण कुठंही थांबावं वाटलं तर एक घंटी दे, तुझा बाप ऐकते."

दीक्षा खाली बसली आणि बाबांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. पियूषही तिच्या शेजारी बसला. त्याने बाबांचा हात धरला, पंचसकट. मी अजून त्याला भाऊजी म्हटलं नव्हतं. काल म्हटलं.

मग काजलने पाटीवरून फोन काढून घेतला. त्याचं काम झालं होतं. बाबांनी पाटीसकट हात उचलला, आणि पंच खुर्चीच्या दांडीवर आपटला. एकदा. आणि लगेच पुन्हा एकदा.

पहिल्या रांगेत महादेवराव काका बसले होते. त्यांचा उजवा पाय हळूच पुढे सरकला आणि जमिनीवर दाबला गेला.

दीक्षा आणि पियूष उठून चालायला लागले.